झोपाळ्याची जोडी

रंगून

अण्णा,

मामाची वत्सला लहानपणापासून मला नेमलेली. आता माझ्यासारख्या रंगूनच्या भातगिरणीतल्या हमालाला मुलगी द्यायची नाही, म्हणून मामा ती तुला देतो. "येणार ती आपल्याच घरी, नातं तेवढं बदलेल," असं तू लिहितोस. कॉलेजात शिकवणाऱ्याला शोभतं.

कुंभकोणातल्या आपल्या झोपाळ्यावर ती बसली होती, नि तू मला अडाण्याला शिकवत होतास. झोपाळा कुठे आहे नि किती जोरात आहे, ही जोडी. ही जोडी टाकून, हिशेबाला दुसरी घेतली तरी झोपाळ्याच्या हालचालीच्या नियमाचं रूप तेच राहतं.

मी विचारलं, "जोडीतलं एकच बदललं तर?"

"मठ्ठा! एक बदललं की दुसरंही त्याला धरून बदलावं लागतं. नाहीतर नियमच मोडतो."

वत्सला खळखळून हसली.

तिला तू माझी वहिनी करतोस. तिच्या जोडीतला मी इथं पोती उचलतो, तसाच आहे. माझं काय करायचं, ते तुझ्या गणितात राहून गेलं.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तू त्याचंही बरोबर उत्तर काढशील, आणि ती पुन्हा हसेल.

न बदललेला,
सेतुराम