भाचरांची ओळ

रविवार, ता. ९

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. तुमच्या शेतावर फोन येईपर्यंत आमचे केस पांढरे होणार, तेव्हा हे पत्र नेहमीसारखं फळांच्या गाडीवाल्याकडे देते. उद्या रिकाम्या पेट्यांबरोबर तुला मिळेल.

न कळवता आठवडाभर आधीच येऊन धडकलो, त्याबद्दल रागावू नकोस. ह्यांची पुढच्या शनिवारची सुट्टी अचानक रद्द झाली. पण काय गर्दी होती गं! रस्त्यापर्यंत गाड्या, टोप्या घातलेल्या आया, टोपल्या डोक्यावर पालथ्या घालून पळणारी पोरं. आणि दादा प्रत्येक कुटुंबाला मास्तरांसारखा बजावत होता की देठ नखाने खुडा, फळ ओढू नका, आणि ओळीत उभं राहून हवी तेवढी स्ट्रॉबेरी खा. मी त्याला म्हटलं, लोकांना आत सोडताना वजनकाट्यावर उभं कर आणि बाहेर पडताना पुन्हा कर.

दुपारपर्यंत सगळ्या ओळी ओरबाडून झाल्या होत्या. मग त्याने आम्हाला कडेच्या भाचरांच्या ओळीत सोडलं. सहा वर्षं या ओळीला औषधाचा थेंब लागलेला नाही, माझ्या भाचरांनी न धुता खावं, हे त्याचं भाषण पाठ झालंय आता. मोठ्या लेकाने शिस्तीत टोपली भरली. चिमणीच्या टोपलीत चार फळं निघाली, त्यातली दोन उष्टी. बाकी सगळा माल पोटात!

तू काट्यावरून मान वर काढली नाहीस. फळं धुतली का, एवढंच विचारलंस आणि मी हसले. नीट बोलणं झालंच नाही.

काल संध्याकाळपासून चिमणीला उलट्या होताहेत. आज मलूल आहे आणि दात येणाऱ्या बाळासारखी लाळ गळतेय. चार वर्षांची घोडी, पण अधाशीपणा केला की हे असं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी औषध दिलंय, काळजी नको.

उत्तर लगेच पाठव, आणि तळाशी दादाच्या दोन ओळी हव्यातच, नाहीतर पत्र पोचलं असं धरणार नाही. लोभ टोपलीभर आहे, तो असाच सांडत राहू द्यावा.

तुझी,
छोटी

सोमवार, ता. १०

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

या पत्राच्या तळाशी ह्यांच्या ओळी नाहीत. हे पत्र त्यांना माहीत नाही. आधी एक करा. चिमणीला उचला, मोठ्या दवाखान्यात न्या आणि तिच्या पोटात फवारणीचं औषध गेलंय असं सांगा. बाटलीवरचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवलंय, ते दाखवा. ते करून झाल्यावर पुढचं वाचा.

भाचरांच्या ओळीवर लाल कोळी ही कीड पडली होती. पानांखाली जाळी धरली होती. एका ओळीपायी सगळं शेत जाईल म्हणून मी दहा दिवस ह्यांच्या मागे लागले होते. ते म्हणायचे, भाचरांना शब्द दिलाय, विषय संपला. शुक्रवारी ते बाहेर गेले तेव्हा मी पंप पाठीवर घेतला. फळांवरचं औषध संपलं होतं. बांधावरच्या झाडांसाठी आणलेली जुनी बाटली होती, ती ओतली, आणि पुन्हा फवारायला लागू नये म्हणून जरा जास्तच ओतली. फवारलेल्या ओळीच्या तोंडाशी आम्ही दोरी बांधतो. ती बांधली असती तर ह्यांना कळलं असतं, म्हणून बांधली नाही. तुम्ही पुढच्या शनिवारी येणार होता ना, तोवर औषध उतरेल असं धरून चालले.

पोरं लाल तोंडं घेऊन काट्यापाशी आली तेव्हा ती कुठल्या ओळीतून आली हे मला कळलं. पण सगळे उभे होते, हे कौतुकाने तुमच्याकडे बघत होते. मी फळं धुतली का, एवढंच विचारलं. एका दिवसाने काय होतंय, असं स्वतःला समजावलं. आज तुमचं पत्र वाचलं. स्वतः यायला निघाले होते, पण कशाला जातेय हे ह्यांना काय सांगणार?

आपल्या घरची पत्रं उघडीच जातात, हे शेवटी दोन ओळी लिहितात आणि मगच गाडीवाल्याच्या हाती देतात. म्हणून हे पत्र तुमच्यासाठी उद्या येणाऱ्या पेटीत, तळच्या कागदाखाली ठेवतेय. तळची फळं दबतात म्हणून तुम्ही पेटी आल्या आल्या उपसता, हे मला माहीत आहे.

मुलीला बरं वाटू दे, मग मला काय हवं ते बोला. लोभ मागायला तोंड नाही.

तुमची,
वहिनी

बुधवार, ता. १२

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर लावून घ्या. चिमणीला सोमवारी दुपारी इथे आणली. आता श्वासासाठी नळी घातली आहे. हात धरला तर बोटं आवळत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण कसून विचारतात. शेतात फवारणी झाली होती का, हे त्यांनी तीन वेळा विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. शेवटी मला रागच आला. म्हटलं, माझ्या भावाचं शेत आहे, माझ्या मुलांसाठी राखलेली ओळ आहे, तिथे सहा वर्षं औषध गेलेलं नाही, आणि तो खोटं बोलत नाही. तेव्हा त्यांनी तसं कागदावर लिहून घेतलं. आता दुसरं काहीतरी शोधताहेत, रोज नव्या तपासण्या चालल्यात.

मोठा ठीक आहे. माती लागलेलं फळ तो तोंडात घालत नाही, हे बरंच झालं म्हणायचं.

काल तुमची पेटी आली. शेजारच्या काकूंनी आत घेऊन ओट्यावर ठेवली. उपसू का म्हणाल्या, मी म्हटलं राहू दे, चिमणी घरी आली की तीच उपसेल. वहिनी, पेटीबरोबर पत्र नव्हतं. असं पहिल्यांदाच झालं. माझ्यावर रागावलीस का?

तुम्हा दोघांचा आशीर्वाद तिच्या पाठीशी असावा, दुसरं काही मागणं नाही.

तुमची,
छोटी

सोमवार, ता. २४

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

काय लिहू? तुझं बुधवारचं पत्र आणि ती गेल्याची बातमी गुरुवारी एकाच गाडीने आली. तेव्हापासून पत्र लिहायला घेतो आणि ठेवून देतो. मी मामा म्हणून तिला काय दिलं, तर एक ओळ. तीही तिने एकदाच नीट खाल्ली.

आज लिहितोय ते तुझ्या वहिनीसाठी. ती जेवत नाही. गाडी यायची वेळ झाली की माझ्या आधी फाटकाशी जाऊन उभी राहते आणि पत्र नाही म्हटलं की तिथेच मटकन बसते. त्या गुरुवारी बातमी कळून आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हाही तिचं भान सुटलं होतं. तुझ्याजवळ बसायचं सोडून स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यावरची ती फळांची पेटी उचलून परत न्यायला निघाली. काकूंनी हातातून सोडवून घेतली, म्हणाल्या, बाई गं, हे मी बघते, तू तिच्यापाशी बस. दुःखाने माणूस काय काय करतं.

तू स्वतःच दुःखात आहेस, तुला सांगायला जीभ कचरते. पण तिला धीराच्या चार ओळी लिही. माझं बोलणं तिच्या कानात शिरत नाही.

शनिवारपासून शेत पुन्हा लोकांना उघडतोय. लहान मुलांना भाचरांच्या ओळीत सोडणार आहे. इथे औषधाचा थेंब नाही, असं सांगताना चिमणीचं नाव घेईन.

स्वतःला सांभाळ. मोठ्याला जवळ घे.

तुझा,
दादा

गुरुवार, ता. २७

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

तुला धीराच्या चार ओळी लिहाव्यात असं दादाचं पत्र आलं. त्याच लिहायला बसले आहे.

काकूंनी पेटी त्यांच्या गॅलरीत नेऊन ठेवली होती. फळं सडून पाणी सुटलं तेव्हा परवा त्यांनी ती रिकामी केली आणि कागदाखालचं पाकीट मला आणून दिलं. शाई पसरलीय, पण सगळं वाचता येतं. औषधाचं नावही.

तुझं पत्र मंगळवारी सकाळी माझ्या ओट्यावर होतं. ती गुरुवारी गेली. मधे मी दोनदा घरी आले, तिचे कपडे घेतले आणि पेटीला वळसा घालून परत गेले. गाडीवाल्याच्या हातात दिलं असतंस तर तो दवाखान्याच्या दारात घेऊन आला असता. आधी दादाने वाचलं असतं, तुला नको नको ते बोलला असता. तेवढंच झालं असतं. तू त्याच्या रागाला घाबरलीस आणि मी त्याच्या शब्दाची शपथ घेतली. आपण दोघींनी मिळून केलं हे. त्या वेळी मी नुसतं विचारून सांगते असं म्हटलं असतं, तरी डॉक्टरीणबाईंनी शोध सोडला नसता.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. ते लिहिताना तुझं काय झालं असेल हे मला कळलं. तू आज समोर असतीस तर कदाचित तुला जवळही घेतलं असतं. पण माझी मुलगी बाहेरच्या खोलीत होती आणि तू आत येऊन पेटी उचललीस. ते माझ्याने गिळवत नाही.

दादाला मी कळवणार नाही. ते तुझं काम आहे, आणि शनिवारी पहिली गाडी फाटकाशी लागायच्या आत ते व्हायला हवं. चिमणीचं नाव घेऊन त्याने कुणाच्या आईला खोटं सांगितलेलं मला चालणार नाही. हे पाकीट बंद करून गाडीवाल्याला तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय.

उद्या मी चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जाणार आहे. तिथल्या कागदावर अजून माझं उत्तर लिहिलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा विचारलं, आता त्या कशाला विचारतील? मलाच जाऊन सांगावं लागेल, की मी चुकीचं सांगितलं होतं.

तुझ्यावर माझा फार लोभ होता, वहिनी. आता काय आहे ते मला अजून कळत नाही.

छोटी