दोन आखूड हॉर्न

गेल्या रविवारी माझा थोरला मुलगा लिओनेल मला न विचारता गिऱ्हाईक घेऊन आला. आमची मालवाहू गाडी अंगणात सुरू करून दाखवली आणि गिऱ्हाइकाने हॉर्नही वाजवून पाहिला. मी अजून जिवंत आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी, जॉर्जिना ऑस्वल्ड मिस्किटा, वय सत्तर, बी.कॉम., धंदा मालवाहतूक, राहणार माजिवडा, ठाणे, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणू पाहणाऱ्याचे नाव वर आलेच आहे. वकील दिशा तरे म्हणाल्या, इंग्रजीत करू. मी नको म्हटले. ज्यांनी हे पाळायचे त्यांना ते वाचता आले पाहिजे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी दिशाबाईंनी करावी.

१. गाडी. सतरा फुटी, माझ्या नावावर, एकही हप्ता बाकी नसलेली. ती मी माझा धाकटा मुलगा कै. ज्यूड याची पत्नी फियोना हिला देते. ज्यूड हीच गाडी चालवत असे. तो गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात फियोना म्हणाली, "मम्मी, मी गाडी शिकते." मी म्हटले, "लोक हसतील." ती म्हणाली, "हसू दे. भाडं लोक देतात का मालवाली पार्टी देते?" मी शिकाऊ परवान्याचा फॉर्म आणवला.

आमचा चालक रघू कुरकुरला, "काकी, वैनीला नाय झेपणार."

"तुला तरी कुठे झेपलं होतं रे? गेटचा खांब अजून वाकडाच आहे."

दुसऱ्या दिवसापासून तोच तिला शिकवू लागला. तिने अवजड वाहनाचा परवाना काढला आहे. लिओनेलला हे ठाऊक नाही, कारण तो विचारत नाही. तो म्हणतो, "मम्मी, ती गाडी उभ्या उभ्या गंजतेय." गाडी उभी नाही. मोहने गावच्या पार्टीचा माल रघू आजही नेतो.

२. धंदा. हा कागदावर देता येत नाही, तरी फियोनासाठी लिहिते. भाड्यातून डिझेल वजा केले की उरतो तो नफा, असे समजणारे दोन वर्षांत गाडी विकतात. टायर, विमा, पासिंग आणि चालकाचा पगार वजा केल्यावर उरतो तो नफा. चालक घरचा असला तरी पगार धरायचा. ज्यूड हसायचा, "घरच्या पोराला कोण पगार देतं गं?" मी देत असे. फियोनाने स्वतःलाही द्यावा. परतीचे भाडे बोलून ठेवल्याशिवाय लांबचा माल घेऊ नये. दलालाला नाही म्हणावे, पण त्याचा फोन घ्यावा. परवानगीच्या वजनापेक्षा जास्त माल एकदाही भरू नये. "एकदाच" म्हणणारी पार्टी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणते.

३. घर. माजिवड्याचे घर लिओनेलचे. त्याचा स्वतःचा फ्लॅट घोडबंदर रोडला आहे, तरी तो माझा मुलगा आहे. मात्र फियोना गाडी चालवते तोवर खालची खोली आणि अंगण तिच्या वापरात राहील. ठाण्यात गाडी घेणे सोपे आहे, उभी करणे अवघड. घरासाठी बिल्डरशी बोलताना लिओनेलने ही ओळ त्याला वाचून दाखवावी.

४. बँकेतल्या ठेवीचे नाव मी "टायर" ठेवले आहे. ती फियोनाला. तिने ती टायरसाठीच वापरावी. माझ्या अंत्यविधीसाठी हात लावू नये. त्याची सोय मी वेगळी केली आहे. बँड नको.

५. जॅक, पाने, ताडपत्री आणि दोर रघूला. केबिनमध्ये माझी रोझरीची माळ आणि त्याचे लिंबू-मिरची शेजारी लटकतात. दोन्ही राहू द्यावे.

६. ज्यूड. त्याला देण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही, पण नोंद राहावी. दीड वर्षापूर्वी भिवंडीत एका गोदामाबाहेर, माल उतरवायच्या रांगेत, तो स्टेअरिंगवरच गेला. हृदयविकार. वय एकोणचाळीस. पुढच्या गाड्या सरकल्या, त्याची सरकली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या, मग वळसा घालून एकेक जण पुढे गेला. शेवटी गेटवरचा माणूस आला, तोही पावती मागायला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणले असते तरी वाचला असता असे सांगता येत नाही. सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. मागच्यांना उतरता आले असते.

म्हणून ही गाडी ज्याच्या हाती असेल त्याला अट: रांगेत पुढची गाडी हलली नाही, तर हॉर्न वाजवायचा नाही. उतरायचे, चालत जायचे, आत कोण आहे ते पाहायचे. आपला नंबर गेला तर जाऊ द्यावा. दिशाबाई म्हणाल्या, ही अट कोर्टात टिकणार नाही. ती कोर्टासाठी लिहिलेली नाही.

७. हॉर्न. घरी येताना ज्यूड गल्लीच्या तोंडाशी दोन आखूड हॉर्न द्यायचा. अर्थ एवढाच, की भात लाव. रविवारी त्या गिऱ्हाइकाने नेमके तसेच दोन वाजवले. मी स्वयंपाकघरात होते. तांदूळ घेतले, धुतले, पाणी घातले, आणि मग खिडकीतून पाहिले. ज्यूडच्या जागी काळा चष्मा लावलेला अनोळखी माणूस बसला होता. लिओनेल खालून म्हणाला, "अगं मम्मी, नुसता बघायला आलाय तो." मी भात लावला. धुतलेले तांदूळ कोणी टाकत नाही. तो कोणी खाल्ला नाही. संध्याकाळी रघूला बोलावून हॉर्नची वायर काढायला लावली.

लिओनेलवर माझा राग नाही. त्या हॉर्नचा अर्थ त्याला कधी माहीत नव्हता.

सही: जॉर्जिना ऑ. मिस्किटा
ठिकाण: माजिवडा, ठाणे. दिनांक: ९ जानेवारी २०२६

आमच्या दोघांसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:
१. डॉ. रुचिता सामंत. मी जॉर्जिनाबाईंना तपासले आहे. मन आणि स्मरण दोन्ही ठीक.
२. चांगदेव भोईर, शेजारी.

ताबा. मालकी माझ्या पश्चात, पण गाडी आजपासून फियोनाकडे. दिले: चावी एक. दुसरी ज्यूडच्या खिशात होती, ती माझ्याकडेच राहील. गाडीची कागदपत्रे, विमा, परमिट. स्टेपनी, हवा भरलेली. हॉर्नची वायर रघूने आज पुन्हा जोडली.

मिळाले: फियोना ज्यूड मिस्किटा

गाडी गल्लीच्या तोंडाशी नेऊन तिने हॉर्न दोनदा वाजवून पाहिला. चालू आहे. तांदूळ धुतले आहेत.