हाकाईची पायरी

मार्गशीर्ष शुद्ध ५, मंगळवार, सन १९३४

पोचलो बाप्पा एकदाचे. माही पोरगी स्नेहलता, तिनं ही वही देतानी बजावलं होतं की आई, तू कधी नाही ते घराबाहेर पडून राह्यली, तर रोजचं लिहून आण, मी मोताळ्याले सासरी बसून वाचीन. माही शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. अक्षर वाकडं येईन. वाचायचं असेल त्यानं वाचावं.

सत्तावीस वर्षं संसार झाला. चिखलीच्या तहसिलीत ह्यायनं कारकुनी केली अन् मी चूल. दरसाल म्हणत, औंदा तुले कुठंतरी नेतो. आता पेन्शन झाली, घरी बसून जीव उबला, तेव्हा नेलं. तरी नेलं. नाही म्हणत नाही मी.

मेहकरपर्यंत मोटार, तिथून डोणगाव, अन् डोणगावाहून बैलाच्या दमनीत हाडं खिळखिळी करत पैनगंगेवर. नदी इथं फाटते, दोन हात पसरते अन् मधात हे बेट. पाणी हिरवंगार, खोल. काठानं बोरी अन् निंबाची झाडं, मधात टेकडी, टेकडीवर पडका बुरूज, अन् खाली हाकाईचं देऊळ. देवळाजवळ दोन खोल्या, चुन्यानं पोतारलेल्या. लोक इथं जोडीनं येतात, पाच दिवस राहतात. निवृत्ती म्हणून डोंगेवाला आहे, त्यानं नावेतून आणलं. आता तो रविवारी दुपारीच येणार. मन कसं हलकं वाटलं. इतकं मोकळं आभाळ मी लग्नाआधी पाह्यलं होतं.

एकच गोष्ट डोक्यात गेली. घाटाच्या पहिल्या पायरीवर निवृत्तीनं थांबवलं. म्हणे, बाई, इथं मालकाचं नाव घेऊन तीन हाका मारा, मोठ्यानं. मग मालक तुमचं नाव घेऊन मारतीन. आईले कळलं पाहिजे कोण कोणाचं. मी म्हटलं, मेल्या, चार लोकांत नवऱ्याचं नाव घ्यायले मी काय तमासगिरीण आहे? नवऱ्याचं नाव तोंडात आलं की त्याचं आयुष्य तुटते, हे तुह्या मायनं तुले शिकवलं नाही काय? तो म्हणे, इथं उलटं आहे बाई. मी म्हटलं, उलटं असो नाहीतर सुलटं, सरक.

अन् हे हसून म्हणाले, हिचं नाव कायले घ्यायचं, ही कुठं जाते!

गेलो तसेच वर.

देवळाची पुजारीण मनकर्णाबाई. साठीची, विधवा, अन् ठार बहिरी. स्वैपाक तीच करते. मीठ आण म्हटलं तर केरसुणी आणून देते. पाच दिवस हिच्यासमोर हातवारे करत बसायचं म्हणजे झालं.

मार्गशीर्ष शुद्ध ६, बुधवार

चंपाषष्ठी. सकाळीच टेकडी चढलो. माहे गुडघे बोलले, पण चढली मी. ह्यायले दोनदा बसावं लागलं. बुरुजावरून नदीचे दोन्ही हात दिसतात, पलीकडची कपाशी दिसते, बायका वेचणीले वाकलेल्या दिसतात, पांढरे ठिपके. मी म्हटलं, किती बरं वाटते. हे म्हणाले, हूं. सत्तावीस वर्षांत जे काही मी बोलली त्याले उत्तर हूं.

खाली येऊन मीच चुलीचा ताबा घेतला. चार महिने वांगं तोंडात घातलं नव्हतं. निखाऱ्यावर वांगी भाजली, बाजरीचे रोडगे केले, हिरव्या मिरच्यांचा ठेचा. तळी भरली. ज्या देवाचा आज सण, त्याचंच नाव ह्यायचं, म्हणून जयजयकार बाकीच्यांनी करायचा अन् मी मान हलवायची, असं आजवर चाललं. इथं तिघंच. एक बहिरी, एक मुकी. ह्यायनं एकट्यानंच केला.

लग्नात ताटभर तांदळात ह्यायनं अंगठीनं माहं नवं नाव लिहिलं, सत्यभामा. लिहिलं तेवढंच. मग अवं, ऐकलं काय, कुठं मेली. माहेरचं नाव शालू होतं, ते आईसोबत जळालं. स्नेहलतालेही ते ठाऊक नाही. कालच्या पायरीवरून हे सारं आठवलं, नाहीतर मी असं उकरत नाही.

दुपारी हे खालच्या घाटावर पाय धुवायले गेले. मी राखेत वांगी फिरवत होती. हे परत आले ते गालात हसत. म्हणाले, आत्ता बरी लाज सोडली! पाण्याजवळ येऊन नाव घेऊन हाक मारली, अन् किती गोड मारली. मी म्हटलं, मी इथून हालली नाही, हात पाहा, राखेचे. ते म्हणाले, राहू दे, राहू दे, लाजू नको म्हाताऱ्या वयात.

भरीत दोनदा मागून खाल्लं. बरं झालंय म्हणाले. हे ह्यायनं कधी म्हटलं नव्हतं. मले गोड वाटायले पाह्यजे होतं.

मार्गशीर्ष शुद्ध ७, गुरुवार

हे आज सकाळपासून नवरदेवासारखे. धुतलेलं धोतर, मिशीले तेल. बुरुजाकडे चला म्हटलं तर नाही. सूर्य डोक्यावर आला तसे उठले अन् खालच्या घाटावर निघाले. मी मागं मागं गेली. चोरासारखी, आपल्याच नवऱ्यामागं.

लव्हाळ्यात कोणी नव्हतं. पाणी सपाट. भर उन्हात, पाखरं सुद्धा बोलत होती. अन् मी ऐकलं.

माहाच आवाज. आत्ताचा नाही. आता मी बोलली की कावळे उडतात. तो सोळाव्या वर्षाचा आवाज, ज्या आवाजात मी जात्यावर गायची. तो ह्यायचं नाव घेत होता. पुरं नाव, लाडानं, शेवटचं अक्षर लांबवून. मी कधी मनातसुद्धा घेतलं नाही असं.

अन् हे ओ देत होते. आलो, आलो गं, म्हणत होते. मले आजवर आलो म्हटलेलं आठवत नाही. मी जेवायले दहा हाका मारायची अन् ताट निवून जायचं.

भीती वाटली हे खरं. पण आधी राग आला, तेही लिहिते. माह्याच आवाजाचा मत्सर वाटला मले.

गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले होते. धोतर धरून ओढून आणलं. चिडले.

मनकर्णाबाईचा हात धरून तिले पाणी दाखवलं, कान दाखवला, ह्यायले दाखवलं. तिले लगेच समजलं. तोंड पांढरं पडलं. म्हणे, "नाव घेतलं नव्हतं काऊन वं? आता उद्या, नाहीतर परवा जाईन तो पाण्यात. पायरीवर उभी राह्य अन् तीन डाव घे त्याचं नाव, छाती फाटेस्तोवर. तुहा आवाज ओळखला तर येते मांगं. नाई ओळखला तर नाई." मग म्हणे, तिनंही घेतलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी. लाज वाटली होती.

मार्गशीर्ष शुद्ध ८, शुक्रवार

गेली पायरीवर. उभी राह्यली. तोंड उघडलं.

अवो, एवढंच निघालं. पुन्हा उघडलं. अवो.

लग्नाच्या पहिल्या साली एकदा चुकून नाव निघालं होतं. सासूनं चुलीतलं उलथणं ओठाले लावलं. डाग अजून आहे, उजव्या कोपऱ्याले. हे तिथंच पाटावर जेवत होते. घास थांबला नाही. आज तो डाग ठणकला अन् जीभ टाळूले चिकटली. नाव घेतलं अन् त्यानंच ह्यायचं काही झालं तर? नाही घेतलं अन् तरी झालं तर?

दोन्हीकडून मीच पापीण.

दुपारी कंबरेपर्यंत गेले. मी चुडे फुटेस्तोवर ओढलं. वर आल्यावर म्हणाले, तिथं तू बरी वाटतेस.

मी म्हटलं, ती मी नाही.

म्हणाले, माहीत आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ९, शनिवार

सकाळी खोलीले बाहेरून कडी घातली. दुपारी कडी जशीच्या तशी, खोली रिकामी. मागची खिडकी. ह्या वयात, खिडकीतून.

पळाली. घाटावर पोचली तर पाणी छातीपर्यंत. तिकडून ती बोलावून राह्यली, हसून, माह्या जुन्या गळ्यातून —

मी नाव घेतलं.

घेतलं. तीन वेळा. घसा फाटला, ओठावरचा डाग उलला, रक्त आलं. सत्तावीस वर्षं गिळलेलं एकदम निघालं, कसं निघालं ते मी लिहीत नाही. गोड नव्हतं. शिवी दिल्यासारखं निघालं.

हे थांबले. वळले. माह्याकडं पाह्यलं, नीट, खूप वेळ. कपाळाले आठ्या घालून, तहसिलीत कोणी अनोळखी अर्ज घेऊन आला की पाहत तसे.

म्हणाले, कोण वं तू?

मग तिकडं वळले. आलो, म्हणाले.

पाणी हाललं सुद्धा नाही. टोपी तेवढी वर आली, फिरत राह्यली.

दुपारनंतर —

मी रडली नाही. मनकर्णाबाई रडली. कुंकू पुसायले आली तर मी तिचा हात झटकला. अजून नाही म्हटलं. अजून काय नाही, मलेच माहीत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १०, रविवार

निवृत्ती दुपारी येईन. सूर्य अजून निंबाच्या शेंड्याखाली आहे. दुपारपर्यंत तग धरायचा. बस, एवढंच.

मनकर्णाबाईनं चुलीवर तेल ठेवलंय. लहान कढई. म्हणे, तिचा मालक पाण्यात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तोही पाण्यातून तिले बोलवायले लागला. म्हणून तिनं कानात तेल ओतलं. उकळतं. आपल्या हातानं, दोन्ही कानांत. "निवृत्ती येईस्तोवर नाई निभनार तुह्याच्यानं. आत्ताच घे ओतून. जीव तरी ऱ्हाईन."

अन् मी तिच्यावर मीठ-केरसुणीसाठी ओरडत होती.

तेल बोलायले लागलं कढईत.

ऊन चढून राह्यलं —

सुरू झालं. घाटाकडून. ह्यायचाच आवाज. मले वाटलं होतं अवं म्हणतीन, कुठं मेली म्हणतीन. तसं म्हटलं असतं तर कानात बोटं घालून बसली असती मी, सहज.

शालू म्हणून राह्यले.

शालू. हे नाव ह्यायले कोणी सांगितलं? मी सांगितलं नाही. ह्यायनं कधी विचारलं नाही. इथं कोणाले — कुठंच कोणाले ठाऊक नाही —

मनकर्णाबाई पळी घेऊन दारात उभी. तेल सांडते. मी पदरानं कान झाकले. मग एक काढला.

हे नव्हेत. मले माहीत आहे. ह्यायले असं बोलता येतच नव्हतं. मी मूर्ख नाही. लिहून ठेवते, स्नेहलता, तुही माय मूर्ख नव्हती —

पुन्हा —

किती हळू. जसं झोपेतून उठवतात लेकराले —

मनकर्णाबाईले मानेनं नाही म्हटलं. तिनं पळी खाली ठेवली. तोंड फिरवलं.

डोंगा दिसून राह्यला पलीकडच्या काठाले, ठिपक्याएवढा. येईन तो. वेळ आहे. खालच्या घाटावर जात नाही मी, पायरीपर्यंतच. पाण्याले पाय लावत नाही. सत्तावीस वर्षांत एकदा कोणी नावानं — नुसती ओ देते अन् येते, बाकीचं आल्यावर लिही —