ई डिस्क आणि चष्म्याचं दुकान

प्रिय भावोजी,

रविवारी तुम्ही त्या व्यापाऱ्याला दुकान दाखवायला आणणार, म्हणून आधीच लिहिते. हे गेल्यावर वहिनीला संगणक झेपत नाही, तेव्हा दुकान विकून मोकळं व्हायचं असं आपलं ठरलं होतं. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. तुमची वकिली घरातही सुटत नाही.

परवा वीज गेली, आली, आणि गिऱ्हाइकांच्या चष्म्यांच्या नंबरांचं सॉफ्टवेअर उघडेना. तात्पुरती फाइल लिहिता येत नाही, एवढंच पालुपद. ह्यांनी केलेल्या सगळ्या नोंदी त्यात. तुमचा तो संगणकवाला म्हणाला, सगळं पुसून नव्यानं टाकू. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग स्वतःच बसले. मशीन प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतं. आपली नोंदींची डिस्क ‘ई’ होती, ती आता ‘एफ’ झालेली. ‘ई’ कोणी बळकावलं म्हणून सगळं पालथं घातलं, आणि काखेत कळसा! ह्यांच्या कॅमेऱ्याचं कार्ड. फोटो बघायला मीच लावलं होतं, मग काढवलं नाही. वीज आल्यावर ते रांगेत पुढे घुसलं.

कार्ड काढलं. डिस्कला कायमचं ‘एस’ अक्षर दिलं, सहसा कोणी मागणार नाही असं. सेटिंगमध्ये नोंदींचा पत्ता बदलला, तर उघडलं की. खूश होऊन एक नाव शोधायला गेले, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शोधताना हे सॉफ्टवेअर आपलं कच्चं काम वेगळ्या फोल्डरमध्ये करतं, आणि त्याचा पत्ता अजून ‘ई’वरच होता. तोही बदलला. शेजारच्या मास्तरांचं नाव टाकलं, दोन्ही डोळ्यांचे नंबर झरकन आले. तुमचंही टाकून पाहिलं. किती वर्षं तोच चष्मा घालताय, जरा लाज बाळगा.

आता खरं सांगते. विकायला हो म्हटलं ते संगणकामुळे नव्हे. ह्यांच्या खुर्चीत मला बसवत नव्हतं. बसलं की रडू यायचं. ते तुम्हाला सांगायची लाज वाटली, म्हणून सगळं बिचाऱ्या मशीनवर ढकललं. परवा दिवसभर मी त्याच खुर्चीत होते, आणि घरी आल्यावर लक्षात आलं, आज रडायचं राहूनच गेलं. कागदांवर मी सही करणार नाही. व्यापाऱ्याला नकार कळवा, हवं तर माझ्या नावावर खपवा. दुकान ह्यांचं होतं, आता माझं आहे.

तुमचीच,
वहिनी