किमतीच्या वरचे साडेतीन लाख

प्रिय आक्का,

पाया पडतो. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळी ठणठणीत आहेत. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. सोमवारी तर तू एकच विचारलंस आणि फोन ठेवलास. "हंबीर, खरं सांग, त्या घरात तुझं किती हाय?" कळंब्याच्या फ्लॅटची किल्ली बारा दिवस झाले माझ्या टेबलावर पडून आहे. दस्त झाला, नोंदणीचा उतारा, तो इंडेक्स टू, हातात आला, त्यावर तुझ्या एकटीचं नाव आहे, आणि तू अजून दिराच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. मोतीबिंदूच्या वेळी शिबिरात फुकट झालं म्हणून मी सांगितलं होतं, आणि वर्षभरानं तुला दवाखान्याचं बिल सापडलं. त्या भाऊबीजेला तू आली नाहीस. तेव्हा माझ्या तोंडाच्या शब्दावर तुझा भरवसा नाही, यात चूक माझीच. म्हणून लिहून देतो. अक्षर मोठं काढलंय, सावकाश वाच.

तू माझ्याकडे आलीस तेव्हा पिशवीत पासबुक होतं आणि त्यात सव्वीस लाख. दाजींच्या वाटणीचा तुकडा रस्त्यात गेला त्याचे, आणि तीस वर्षं डेअरीला दूध घालून साठवलेले. फ्लॅट चोवीस लाखांचा. तू खुशीत होतीस, दोन लाख उरतील, त्यात भांडीकुंडी आणि एक कपाट. मीही मान हलवली. एवढी वर्षं लोखंड विकत घेऊन विकणाऱ्या माणसानं मान हलवली, हे मला शोभलं नाही. मालाचा दर वेगळा आणि माल घरात येईपर्यंतचा खर्च वेगळा, हे मी माझ्या ओतकामाच्या कारखान्यात पोरांना शिकवतो. बिल्डरच्या ऑफिसात मोना मॅडमनं कागद पुढे सरकवला तेव्हा किमतीच्या खाली आणखी सहा ओळी होत्या आणि त्यांची बेरीज साडेतीन लाखांच्या वर दोन हजार. तू चष्मा काढून पदरानं पुसलास आणि पुन्हा घातलास. मग उठलीस. जिन्यात म्हणालीस, राहू दे, माझ्या नशिबात गोठाच हाय. मी तोंड उघडायच्या आत दम दिलास, की त्यात एक रुपया जरी घातलास तर तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई.

दीड लाख कमी पडत होते, आक्का. तेवढी रक्कम माझ्याकडे महिन्याला साच्यांच्या वाळूवर जाते. पण हात बांधलेले. मग ठरवलं की रुपया घालता येत नसेल तर रुपया काढायचा, त्या कागदातून. तो कागद घेऊन मी इरमकडे गेलो. आपला दिलदार, माझ्याबरोबर शिरोलीत पहिल्या दिवसापासून साचे भरणारा, त्याची ही लेक, आता कोर्टात वकील आहे. तिनं कागद एकदा वाचला आणि पहिलाच प्रश्न विचारला, चाचा, हे दुसरं नाव कशाला?

दुसरं नाव माझं होतं. तूच सांगितलं होतंस मॅडमला, माझ्याबरोबर भावाचंही लिहा. घरावर भावाचं नाव पाहिजेच, बाईमाणसाच्या एकटीच्या नावाला दार शोभत न्हाई, असं काहीतरी. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. इरम म्हणाली, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के. सोबत एका पुरुषाचं नाव आलं की ती सवलत गेली. म्हणजे माझं नाव तुला चोवीस हजारांना पडत होतं. मी दुसऱ्या दिवशी ते काढायला लावलं. तू चिडलीस, मला जबाबदारी नको झाली म्हणालीस, आठ दिवस फोन उचलला नाहीस. मी चोवीस हजारांचं कारण सांगून गप्प बसलो.

मग जीएसटी, तोही चोवीस हजार. बांधकाम चालू असताना घर घेतलं तर तो लागतो, इमारतीला भोगवट्याचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर नाही. दाखला दोन महिन्यांवर होता. मी म्हटलं, थांबू. इरमनं बोट वर केलं. दाखल्याच्या आधी एक पैसाही दिलेला चालत नाही, फ्लॅट बघितला त्या दिवशी विसाराचे अकरा हजार दिलेत तेसुद्धा नडतील. म्हणजे विसार परत घ्यायचा आणि दोन महिने नुसतं बघत बसायचं. मोना मॅडम बाई सरळ आहे, पण तोंडाची फटकळ. म्हणाली, "पावणं, विसार उचलला की आमची जबाबदारी संपली. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं तर मला बोलायचं न्हाई." तेवढ्यात आतल्या केबिनमधून मालकाचा आवाज आला. काचेचं दार, त्याला वाटत होतं बाहेर ऐकू जात नाही. तो कुणाला तरी सांगत होता, की कळंबा जेलच्या बाजूचे चारही फ्लॅट तसेच पडून आहेत, खिडकीतून भिंत दिसते म्हणून लोक बघून परत जातात. मी मॅडमला म्हटलं, द्या आमचे अकरा हजार. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण आपला फ्लॅट त्यातलाच एक, आणि ती खिडकी मी तुला आधीच दाखवली होती. आठवतं? भिंत बघून तुला वाईट वाटेल, अशी मला धास्ती होती. तू भिंतीकडे बघून म्हणालीस, "त्यांला बाहीरनं कुलूप हाय. मला आतनं लावायचं हाय."

तरी ते दोन महिने माझे कसे गेले ते मला विचार. दर रविवारी काहीतरी निमित्त काढून मी कळंब्याला चक्कर मारायचो आणि वॉचमनला चहा पाजायचो. त्या चहाचे पैसे माझे आहेत, तेवढे कबूल करतो. तू दर बुधवारी फोन करून विचारायचीस, गेला काय रं फ्लॅट? आणि मी मोठ्यानं हसायचो.

बाकीच्या ओळी माझ्या धंद्यानं सोडवल्या. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, तयार झाला की आम्ही त्याला बारीक हातोडी मारून ऐकतो. आत भेग असेल तर आवाज बसका येतो. मॅडम कागद वाचून दाखवत होती तेव्हा 'मीटर आणि ट्रान्सफॉर्मर पंचाहत्तर हजार' या ओळीला तिचा आवाज बसला. मी भट्टीसाठी आयुष्यभर वीज मंडळाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, ट्रान्सफॉर्मर केवढ्याला येतो हे मला सांगायला नको. पावती दाखवा आणि चोवीस फ्लॅटना भागा, एवढंच म्हटलं. ते तीस हजारांवर आले. देखभालीचे दोन वर्षांचे साठ हजार आगाऊ होते, वर्षाचे घ्या म्हटलं, घेतले. त्यांच्या वकिलाचे पंचवीस हजार होते. आपला वकील आपण आणू म्हटलं. इरमनं आठ घेतले. ती कमी घ्यायला तयार होती, मीच म्हटलं आक्काला संशय येईल, बाहेर घेतेस तेवढे घे. पावती पाकिटात आहे.

नोंदणी फीचे चोवीस हजार मात्र सुटले नाहीत, ते सरकारचे. मालकानं एक वाट सुचवली होती, कागदावर वीस लाख दाखवू, वरचे रोख द्या, स्टॅम्पही कमी बसेल. मी त्याला म्हटलं, माझ्या बहिणीला घर पुरं पाहिजे, तर कागदही पुरा पाहिजे. मग त्यानं पुरे चोवीस लिहिले.

एवढं करून बारा हजार कमीच पडत होते. दाखला आला, तारीख मिळाली, आणि बारा हजारांसाठी मी तीन दिवस येरझाऱ्या घातल्या. खिशात हात गेला होता आक्का, खोटं बोलत नाही. मॅडमच्या टेबलापर्यंत गेलो होतो. आणि त्याच दुपारी तुझा फोन, की दूध संस्थेकडून दुधाच्या दराचा दिवाळीचा फरक जमा झाला, तेरा हजार चारशे. मी खिशातला हात काढला आणि तिथल्या खुर्चीत बसलो. मोना मॅडमनं न मागता पाणी आणून दिलं. उरलेले चौदाशे पाकिटात आहेत, मोजून घे. तर तू विचारलंस त्याचं हे उत्तर. त्या घरात माझा रुपया नाही.

आता खरं सांगतो, हे एवढं काटेकोर मी का केलं. माझं नाव काढायला लावलं ते चोवीस हजारांसाठी नव्हतं. तात्या गेले त्या वर्षी मी तुला तालुक्याच्या रजिस्टर ऑफिसात नेलं होतं. बापाच्या साठ गुंठ्यांत तीस तुझे होते. नुसती सही आहे, म्हटलं. हक्कसोड हा शब्द मी तुझ्यासमोर उच्चारलासुद्धा नाही. तू कागद वाचला नाहीस, सही करताना मला विचारलंस, सकाळपासून काय खाल्लंस का. येताना मी तुला हिरवी साडी घेतली, दोनशे चाळीस रुपयांची. महिन्याभरात सगळे साठ गुंठे विकले आणि शिरोलीत पहिली भट्टी लागली. त्यानंतर लोकांनी मला शाली घातल्या, स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस म्हणून भाषणं केली, आणि मी हात जोडून ऐकत राहिलो. तू एकदाही काही बोलली नाहीस. हे मला आधीच फेडता आलं असतं, पण मग तुझं घर माझ्या पैशातून झालं असं झालं असतं, आणि ते मला नको होतं. आधी तुझं घर तुझं होऊ दे, मग तोंड उघडायचं, असं ठरवून बसलो होतो. सोबतचा कागद इरमनं केलाय. कारखान्यात तुझी निम्मी भागीदारी. तुझ्या भावजयीनं, संयोगितानं, सगळ्यात आधी सही केली आणि म्हणाली, "तीस वर्सं लावलासा व्हय." ही मदत नाही, तुझ्याच तीस गुंठ्यांचा हिस्सा आहे. नाही म्हणायचा तुला हक्क आहे, पण रागवायचा नाही. शनिवारी तुला इकडे आणायला गाडी पाठवतो. इरम येईल, ओळ न् ओळ वाचून दाखवेल, कळलं नाही तिथं तिला अडव, लागेल तेवढा वेळ घे. पटलं तरच सही कर. मी बाहेर व्हरांड्यात बसेन.

तुझाच,
हंबीर