एक्केचाळीस नंबरची गाडी

सक्करदरा, नागपूर
आश्विन वद्य षष्ठी

शालकश्रेष्ठ, अमेरिका-रिटर्न, उमरेडभूषण मनोहरराव यांस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी सात विनातक्रार आहेत, आठव्याचं पुढे पाहू.) इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या परसातलं सीताफळ या तिघांच्या प्रकृतीची चौकशी एकाच वाक्यात उरकतो, कारण मला घाई आहे. तुमची भगिनी तारा भजनाला गेली आहे आणि पाचला परत येईल. आता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. तसंही हल्ली मला बसल्या जागी घाई असते.

आता तक्रार. मे महिन्यात तुम्ही चिरंजीव जितेंद्रकडून, म्हणजे अमेरिकेतून, परत आलात तेव्हा सगळ्या गोतावळ्याला बदाम, चॉकलेटं आणि सुवासिक साबण वाटलेत आणि मला एक खोकं दिलंत. त्या खोक्यातल्या गाडीचं दार उघडत नाही. मनोहरराव, दार उघडत नाही! पंचावन्न वर्षांचा मनुष्य, तीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलेला, एकशे बारा तुकडे एकाला एक चिकटवून वीतभर लांबीची मोटार उभी करतो आणि तिच्यात शिरायला वाट नाही. मी माहितीपत्रक तीनदा वाचलं. त्यात खुलासा असा की मूळ गाडीचीही दारं वेल्डिंग करून कायमची बंद केलेली असत आणि चालक खिडकीतून आत उडी घेई. या प्रकाराला तिकडे स्टॉक कार म्हणतात. साधी घरगुती मोटार घ्यायची, तिच्या काचा आणि दिवे काढायचे, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, दारावर हातभर आकडा रंगवायचा आणि मातीच्या मैदानात दुसऱ्यांना ठोकत पळवायची. म्हणजे आपला शंकरपटच, फक्त बैल नाहीत आणि सगळे गोल गोल फिरून निघाले तिथेच पोचतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या गाडीची पंचवीसात एक प्रमाणातली प्रतिकृती तुम्ही मला दिलीत. मला बदाम चालले असते.

(हे पत्र टंकलिखित का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. माझ्या अक्षराला तुम्ही इतकी वर्षं ‘पोथी’ म्हणत आलात. घरातला संगणक धूळ खात होता, त्याला काम दिलं. तूर्त एवढंच कारण धरून चला.)

गाडी जोडून झाली तेव्हा मला वाटलं संपलं. पण माहितीपत्रकाचं पुढचं पान उलटलं तर तिथे आज्ञा होती की आता हिला जुनी करा. गंजवा, खरचटवा, पोचे पाडा, चिखल उडवा. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात. इथे चांगल्या धडधाकट वस्तूचं जीर्णीकरण करायचं होतं. मी ताराला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “घरात जुनं सामान कमी आहे का जी? नवं आणून जुनं काहून करून राहिले?” आणि आरशाजवळच्या माझ्या कलपाच्या बाटलीकडे तिनं अशा काही नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला. ज्या आरशासमोर मी दर पंधरवड्याला जुन्याचं नवं करतो, त्याच्याच खालच्या टेबलावर आता उलटं शास्त्र सुरू झालं होतं.

साहित्य मात्र मी अस्सल वापरलं. इंजिनाची काजळी म्हणजे तुम्ही एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलेली उमरेडच्या कोळशाची पुडी. चिखल आमच्या तलावाकाठचा, वाळवून चहाच्या गाळणीतून गाळलेला. (नवी गाळणी आणून दिली आहे. जुनी मिळत नाही एवढंच ताराला माहीत आहे.) पोचे देवघरातल्या निरांजनावर प्लॅस्टिक शेकून, चमच्याच्या पाठीनं दाबून पाडले. प्रश्न राहिला गंजाचा. बाजारात त्याची भुकटी मिळते म्हणतात, पण मला तो रंग घरातच दिसला, बरणीत. भिवापूरची मिरची, यंदाची, खास कुटून आणलेली. पातळ डिंकावर ती भुरभुरवली आणि बोनटवर असा गंज चढला की विश्वकर्म्याला पडसं व्हावं. पडसं झालंच, पण आम्हाला. कारण मी मान वर करून बघतो तोच ताराने येऊन पंखा लावला. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं आळीपाळीनं शिंकत होतो. मग ती बोलली. “वर्षाचं तिखट आहे ते! भाजीत चिमूटभर जास्त पडलं तर ताट सारता तुम्ही, आणि गाडीले वाटीभर चारून राहिले?”

मध्येच उठून गाडी बघून आलो. आहे तिथेच आहे. साडेचार.

आमचे शेजारी मधुकरराव तुम्हाला आठवत असतील. बसगाड्यांच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं पोचे काढण्यात गेली; आता निवृत्त झाल्यावर पोचे पाडणारा शेजारी मिळाला म्हणून रोज संध्याकाळी येऊन बसतात. माझ्या गंजाकडे त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि कळवळले. “मास्तर, बोनटच्या मधात कुठं गंज येते गा? गंज पहिले खालून धरते. जिथं चिखल बसते, पाणी मुरते, तिथून. वरून दिसला म्हणजे समजा, आतून कधीचाच खाऊन राहिला.” तंत्रदृष्ट्या सल्ला बिनतोड होता. मी मिरची पुसून खालच्या कडेला लावली. पण त्या संध्याकाळी जेवताना माझं लक्ष लागेना, अंगणात दहा फेऱ्या घातल्या. का, ते सांगतो, पण आधी आकड्याचं सांगू द्या, नाहीतर क्रम चुकेल.

दारावरच्या आकड्याची चिकटपट्टी खोक्यात होती. ती पाण्यात घटकाभर भिजवायची होती. मी हरभऱ्यासारखी रात्रभर भिजवली आणि सकाळी वाटीत तिचा काला झाला. तेव्हा आकडा मी हातानंच रंगवला, देवनागरीत, ४१, पांढरा, बोटभर उंच. हे जूनमधलं. एका बैठकीत, एका श्वासात, फूटपट्टी न लावता. चारच्या डोक्याशी दोन्ही फाटे सारखे, एकाचं शेपूट तुळतुळीत. फळ्यावर तीस वर्षं गिरवल्याचं सार्थक झालं, असं मी स्वतःशीच म्हणालो. मधुकररावांनी मात्र नाक मुरडलं. “छापल्यावाणी दिसते,” म्हणाले. मला ती स्तुती वाटली.

श्रावणापासून मात्र कामाची गती मंदावली. दोष कुंचल्याचा असावा. जिथे पाठवतो तिथे न जाता तो तांदळाच्या दाण्याइतका शेजारी उतरतो. मी कुंचला बदलला, मग रंग, मग चष्मा, मग खुर्ची. आता बदलायला घरात फारसं काही उरलेलं नाही. (शाळेत मी हल्ली फळ्यावर कमी लिहितो आणि पाठांतरावर भर देतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सर, ही खरी प्राचीन पद्धत. मी मान डोलावली.) चहाही मी कपबशीतून सोडून स्टीलच्या ग्लासात घेतो, अर्धाच. कोणी विचारलं तर वैराग्य सांगतो.

अशा स्थितीत दसरा आला. खंडेनवमीला सकाळी मी शाळेत गेलो. ताराने अंजनाबाईंना, आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्यांना, सांगितलं की घरातली सगळी वाहनं धुऊन ठेवा, उद्या पूजा आहे. अंजनाबाईंनी माझी स्कूटर धुतली, ताराची मोपेड धुतली, आणि टेबलावर तिसरं वाहन दिसलं तेही गरम पाणी, चिंच आणि तारेची घासणी घेऊन धुतलं. चार महिन्यांचा गंज, काजळी, चिखल आणि जूनमधला आकडा, सगळं मोरीतून गेलं. मी घरी आलो तेव्हा गाडी खिडकीत वाळत होती आणि नुकत्याच न्हालेल्या बाळासारखी चकाकत होती. माझा चेहरा बघून अंजनाबाईंना वाटलं मी गहिवरलो. “किती घाण झाली होती जी मास्तर! सणाले असं वाहन ठेवते का कोणी? घासता घासता नखं गेले माझे.” त्यांची नखं खरंच लाल झाली होती, मिरचीनं. मी त्यांना खोबरेल दिलं आणि आभार मानले.

दुसऱ्या दिवशी पाटावर पूजा मांडली. पक्कड, कात्री, माझा जाडजूड कोश आणि मधोमध ती दिगंबर मोटार, टपावर झेंडूचं फूल. वाहनपूजा यथासांग झाली, म्हणजे ताराने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी पुढे ढकलली. पंचवीसात एक या प्रमाणात ते लिंबू म्हणजे मीटरभर व्यासाची शिळा होती हे मी सांगेपर्यंत आस तुटला होता. लिंबाला काही झालं नाही. त्याचं सरबत केलं. मधुकरराव सोनं द्यायला आले होते, ते तुटक्या चाकाकडे बघून म्हणाले, “आता कुठं ठोकल्यासारखी वाटून राहिली.”

म्हणून मी पुन्हा सुरुवात केली. भाऊबीजेला तुम्ही येणार, आणि दिलेल्या वस्तूचं काय केलं हे तुम्ही पहिल्या घोटाआधी विचारणार, हा अनुभव आहे. गंज पुन्हा चढवला (यावेळी पंख्याचं बटन चिकटपट्टीनं बंद करून), काजळी फासली, आस वाकडाच जोडला. राहिला होता आकडा. परवा रविवारी सकाळी स्नान करून, उजेडाकडे तोंड करून तो काढला. अडीच तास लागले. मधुकररावांनी तो पाहिला आणि चक्क उभे राहिले. “पयला आकडा छापल्यावाणी होता, मास्तर. ह्यात जीव आहे! आमच्या वर्कशॉपातला पेंटर रिटायरीच्या टायमाले अस्साच काढत होता.” ताराही म्हणाली की अगदी जुना दिसतो, कसं जमलं? अंजनाबाईंनी लांबूनच हात जोडले आणि विचारलं, “आता हे धुवायचं नाही ना जी?” एकूण सर्वांच्या मते माझी कला या चार महिन्यांत फार पुढे गेली आहे.

पाचला दहा कमी. हे आता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून आणतो आणि पाकिटात घालतो. वहिनींना नमस्कार. सीताफळं पिकली असतील तर त्यांनाही.

आपला आज्ञाधारक (बहिणीच्या आज्ञेतला),
गिरिधर

ता. क. १ : फोन का केला नाही? तुमच्या बहिणीचा फोन सदैव स्पीकरवर असतो आणि माझा फोन ती माझ्याआधी उचलते. तेव्हा हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा आणि तिच्याशी बोलताना याचा उल्लेख करू नका. तुम्ही तिचे भाऊ आहात आणि मी तुम्हाला तिच्यापासून काही लपवायला सांगतो आहे, हे मला समजतं. थोड्याच दिवसांसाठी सांगतो आहे.

ता. क. २ : भाऊबीजेला येताना गार्गीला घेऊन या. तुमची ही लेक आमच्याच गावात मेंदू आणि नसांची डॉक्टर आहे, मग मी स्वतः का जात नाही, असं तुम्ही म्हणाल. दोनदा गेलो होतो. तिच्या दवाखान्याच्या स्कूटर-स्टँडपर्यंत जाऊन परत आलो. आत शिरायला वाट सापडेना, त्या गाडीसारखंच. ताटात ताराला जी ओवाळणी घालायची ती घाला. मला गार्गीची दहा मिनिटं घाला, गाडी बघायच्या निमित्तानं, वरच्या खोलीत. आणखी एक. गेले दोन आठवडे मी न सांगता तारा ग्लास अर्धाच भरते आहे. पूर्वी ती काठोकाठ भरायची आणि मी ओरडायचो. याचा अर्थ काय, ते मी अजून लावलेला नाही.

ता. क. ३ : हा मजकूर छापलेला नाही. टेबलावर कोपर टेकवून, सावकाश, हातानं लिहितो आहे. एवढा कागद फाडून गार्गीला आधीच दाखवा, बाकीचं पत्र दाखवू नका. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पळीतलं पाणी ताम्हनात पोचायच्या आधी सांडायचं ते तुम्ही पाहिलं आहे, आणि शेवटी त्यांना सदऱ्याची बटणंही लावता येत नव्हती तेही. त्यांचं सुरू झालं तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. मला भीती वाटते आहे, मनोहरराव. गाडीवरचा दुसरा आकडा जुना दिसावा म्हणून मी तसा काढलेला नाही. पहिल्यासारखाच सरळ काढायला बसलो होतो.