शिक्का कुणाच्या पात्यावर

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. (राग बाजूला ठेवून.)
तुझ्या कारखान्यातल्या पोलादाचं पातं तू पाठवलंस आणि बाबांनी मला मोडीतच काढलं. येईल त्या गिऱ्हाइकाला लेकीचं पातं दाखवत बसतात. मी वीस वर्षं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांतून सुऱ्या घडवतोय, त्याचं कुणाला काही नाही. स्पष्टच लिहितो, माझा जळफळाट होतोय.
त्यात आता नवीन टूम. ज्याचं पोलाद जास्त चिवट, त्याच्याच पात्यावर यापुढे आपल्या भट्टीचा शिक्का बसेल, असं बाबा म्हणतात. हाडावर आपटलं तरी पातं तुटता कामा नये. माझ्या पोलादाच्या तीन पट्ट्या पाठवतोय. तुझ्याही तीन घे, तुमच्या त्या यंत्रावर मोड आणि आकडे कळव. लबाडी करू नकोस.
लोभ आहेच, सध्या जरा कमी आहे.
तुझा भाऊ

१९ मार्च
चि. भाऊस,
अ. उ. आ., रागावलेल्यालासुद्धा.
आकडे केव्हाच हातात आले होते, लिहायला मन धजेना. पट्टीला मधोमध खाच पाडायची, वरून जड लंबक सोडायचा. मोडायला किती जोर लागला ते काटा दाखवतो. माझ्या पट्ट्या खडूसारख्या तुटल्या. तुझ्या पट्ट्यांना चौपट जोर लागला. तुझी पहिली पट्टी लवकर मोडावी म्हणून तिची खाच मी मुद्दाम खोल पाडली होती, तरीही. मग लाज वाटली आणि उरलेल्या दोन नीट मोडल्या.
बाबा माझे लाड करतात म्हणतोस. अरे, त्यांनी तुला ऐरणीपाशी उभं केलं आणि मला गिऱ्हाइकांची नावं लिहायला बसवलं. तू काळ्या हातांनी जेवायला यायचास तेव्हा मला तुझा हेवा वाटायचा. आजही वाटतो. शिक्का तुझा. हे पत्र बाबांना वाचून दाखव.
लोभ मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, तेव्हा आहे तेवढा राहू दे.
तुझी ताई

२६ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि., मान खाली घालून.
तुझं पत्र वाचून मीच ओशाळलो. लबाडी करू नकोस म्हणून तुला बजावलं, आणि तुला पाठवलेल्या पट्ट्या मीच भट्टीत नेहमीपेक्षा जास्त शेकून मऊ केल्या होत्या. मऊ पोलाद मोडत नाही, पण त्याची धार दोन टोमॅटोंत जाते. पत्राबरोबर हेही बाबांना सांगून टाकलं.
त्यांनी एवढंच विचारलं, तिला खरंच ऐरणीपाशी उभं राहायचं होतं का. मी हो म्हटलं. तिने तेव्हा सांगितलं का नाही, म्हणाले. तुम्ही विचारलं नव्हतं, असं मी म्हटलं.
शिक्का कुणालाच मिळालेला नाही. तुला मात्र सुट्टी काढून बोलावलंय. हात धरून शिकवणार आहेत म्हणे. ताई, माझा हात त्यांनी कधी धरला नाही, मी लांबून बघून बघून शिकलो. परत जळफळाट होतोय, पण तू ये. तुला शिकवतील तेव्हा मीही शेजारी उभा राहीन. मला काही येत नाही असं सांगेन.
लोभ पूर्वीइतका झालाय, तो सांभाळ.
तुझा भाऊ